पावसासारखी शिकवण, दहिवरासारखे वचन

शास्त्रपाठ : अनुवाद ३२:१-४, यशया ५५:८-११, होशेय ६:३-४ व १४:५





या अंकाच्या वचनपाठासाठी मी पाऊस आणि दहिवर हा विषय घेतला आहे. शिकवणीला पावसाची उपमा देणारी वचने मी पुष्कळ वर्षे वाचत आलो आणि त्यांवर बोललोही. पण त्यांतला अर्थ मला एका पाड्यावर, माझ्याच हातून चूक झाल्यावर उमगला. म्हणून आधी ती चूक सांगतो आणि मग शास्त्राकडे वळतो.

आमच्या कामाच्या भागात दिवाळी झाली की पुष्कळ आईबाप वीटभट्टीवर जातात आणि पावसाळा तोंडावर आला की परततात. काही मुले त्यांच्याबरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ पाड्यावर राहतात. अशा मागे राहिलेल्या मुलांसाठी आम्ही शनिवारी संध्याकाळी वर्ग घेतो. थोडे वाचन, थोडे गणित, गाणी आणि शेवटी पवित्र शास्त्रातील एक गोष्ट. त्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमासाठी प्रत्येक मुलाला एक वचन पाठ करायला दिले होते. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी तीन शनिवार झाले तरी आपले वचन पुरे म्हणू शकेना. अर्ध्यावर येऊन थांबायची. तिसऱ्या शनिवारी माझा तोल गेला. सगळ्या मुलांसमोर मी तिला म्हणालो, "तुला देवाच्या वचनाची किंमतच नाही."

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही.

१. मोशेने गीताची सुरुवात कशी केली

अनुवादाचा ३२ वा अध्याय म्हणजे मोशेचे गीत. हे गीत कोठे आणि केव्हा गाइले गेले ते ध्यानात घ्यावे. इस्राएल लोक मवाबाच्या मैदानात, यार्देनेच्या पूर्वेला उतरले आहेत. अरण्यातील ४० वर्षे संपत आली आहेत. मोशे १२० वर्षांचा आहे आणि आपण यार्देन ओलांडणार नाही हे त्याला माहीत आहे. देवाने त्याला आज्ञा केली आहे की, हे गीत लिही आणि लोकांना शिकव, म्हणजे पुढे ते बहकतील तेव्हा हेच गीत त्यांच्याविरुद्ध साक्ष देईल (अनुवाद ३१:१९-२१). म्हणजे या गीतात कठोर गोष्टी आहेत. लोक वाकडे झाले, धष्टपुष्ट झाल्यावर त्यांनी आपल्या निर्माणकर्त्याला टाकले, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

पण सुरुवात पाहा. पहिल्या वचनात मोशे आकाशाला आणि पृथ्वीला ऐकायला बोलावतो. दुसऱ्या वचनात तो आपल्या शिकवणीविषयी एक इच्छा बोलून दाखवतो : ती पावसासारखी ठिबकावी, दहिवरासारखी उतरावी, कोवळ्या गवतावर रिमझिम पडावी, वाढलेल्या वनस्पतीवर सरी याव्यात. ज्याला इतके कठीण बोलायचे आहे तो गारांची किंवा वादळाची उपमा घेत नाही. आपले बोलणे ऐकणाऱ्याच्या मुळापर्यंत झिरपावे, असे त्याला वाटते.

मूळ इब्री भाषेत येथे चार वेगळे शब्द आहेत. 'मातार' म्हणजे पाऊस. 'ताल' म्हणजे दहिवर. 'सेईरीम' म्हणजे हलका, बारीक पाऊस. 'रेवीवीम' म्हणजे भरपूर सरी. बारीक पाऊस कोवळ्या गवतासाठी आणि भरपूर सरी वाढलेल्या झाडपाल्यासाठी, अशी जोडी मोशेने लावली आहे. पाणी एकच, पण ज्याच्यावर पडायचे त्याच्या वयाप्रमाणे त्याचे माप. मी हे वचन कितीदा वाचले असेन, पण हे माप माझ्या नजरेतून सुटले होते.

आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. 'शिकवण' यासाठी मोशेने 'लेकाख' हा शब्द वापरला आहे. तो 'घेणे' या क्रियापदापासून आला आहे. शिकवण म्हणजे जे घेतले, जे मिळाले ते. ढग पाणी स्वतः तयार करत नाही, त्याला जे मिळते ते तो खाली देतो. प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला हेच सांगितले की, मला जे मिळाले ते मी तुम्हांला सोपवून दिले (१ करिंथ ११:२३, १५:३). जो शिक्षक हे विसरतो, त्याला वचन आपल्या मालकीचे वाटू लागते आणि ऐकणाऱ्याची चूक हा आपला अपमान वाटतो. माझे तसेच झाले होते.

२. ऐकणाऱ्यांना पाऊस म्हणजे काय हे ठाऊक होते

मोशेसमोर उभ्या असलेल्या लोकांचे आईबाप मिसर देशात राबले होते. मिसरात पाऊस जवळजवळ नाहीच. शेती नील नदीच्या पाण्यावर. अनुवाद ११:१०-१२ मध्ये मोशे फरक सांगतो : मिसरात तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्याप्रमाणे पायांनी पाणी द्यायचा, पण ज्या देशात जात आहा तो डोंगरांचा आणि खोऱ्यांचा देश आहे, तो आकाशातून पडणारे पाणी पितो. मिसरात माणूस खाली वाकून पाणी ओढत होता, कनानात त्याला वर पाहावे लागणार होते. देवाची शिकवणही अशीच वरून येते. आपल्या हुशारीने ती ओढून काढता येत नाही.

दहिवराची तर त्यांना रोजची ओळख होती. निर्गम १६:१३-१४ आणि गणना ११:९ वाचा. रात्री छावणीवर दहिवर पडे आणि त्याबरोबर मान्ना येई, सकाळी दहिवर उडून गेले की जमिनीवर खायला दिसे. ४० वर्षे दहिवर म्हणजे त्या दिवसाची भाकर. पुढे अनुवाद ८:३ मध्ये मोशे मान्नाचा अर्थ सांगतो : माणूस केवळ भाकरीने जगत नाही, देवाच्या मुखातून निघणाऱ्या वचनाने जगतो. दहिवर, मान्ना आणि वचन ही तिन्ही अशी एकत्र गुंफली आहेत. म्हणून मोशेने आपले बोलणे दहिवरासारखे उतरावे असे म्हटले, तेव्हा त्या लोकांच्या डोळ्यांसमोर सकाळची भरलेली टोपली आली असेल.

आता कनान देशाचे ऋतू थोडे समजून घेऊ, कारण ते आपल्या ऋतूंच्या उलटे आहेत. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. तिकडे याच महिन्यांत आकाश कोरडे. पहिला पाऊस, इब्रीत 'योरे', साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. उन्हाळाभर तापून दगड झालेली जमीन त्याने मऊ होते आणि नांगर लागतो. मधले महिने हिवाळ्याचा मुख्य पाऊस. शेवटचा पाऊस, 'मालकोश', मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि त्याने जव-गव्हाचा दाणा भरतो. मराठीत आपण यांना आगोटीचा आणि वळवाचा पाऊस म्हणतो खरे, पण आपला वळीव पेरणीच्या आधी येतो आणि त्यांचा कापणीच्या आधी, हे विसरू नये. पहिला पाऊस चुकला तर पेरणी नाही, शेवटचा चुकला तर दाणा पोचट.

मग मे ते सप्टेंबर काय? त्या महिन्यांत भूमध्य समुद्रावरून येणारा ओलसर वारा रात्रीच्या गारव्यात दहिवर होऊन जमिनीवर, पानांवर उतरतो. द्राक्षवेलींना आणि वेलवर्गी फळांना कोरड्या दिवसांत त्याचा आधार. म्हणून एलीयाने अहाब राजाला दुष्काळाची वार्ता सांगितली तेव्हा पावसाबरोबर दहिवराचेही नाव घेतले (१ राजे १७:१). हाग्गय संदेष्टाही आकाशाने दहिवर आवरून धरले असे म्हणतो (हाग्गय १:१०).

कोकणपट्टीत आणि आमच्या पाड्यांवर भात कापल्यानंतर वाल टाकतात. एकही सर न पडता जमिनीतल्या ओलीवर आणि दहिवरावर तो वाढतो. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना कनानातील दहिवर वेगळे समजावून सांगायला नको.

इब्री भाषेतील आणखी एक गंमत येथे सांगितली पाहिजे. पहिल्या पावसाला 'योरे' म्हणतात, तसाच 'मोरे' असाही शब्द आहे. 'मोरे' या शब्दाचा दुसरा अर्थ शिक्षक. 'तोरा', म्हणजे नियमशास्त्र किंवा शिकवण, हा शब्दही त्याच घरातला. म्हणून योएल २:२३ येथे 'नीतिमत्त्वासाठी पहिला पाऊस' असे वाचावे की 'नीतिमत्त्वाचा शिक्षक' असे वाचावे, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. होशेय १०:१२ मध्येही परमेश्वर येऊन नीतिमत्त्वाचा वर्षाव करील आणि तो येऊन नीतिमत्त्व शिकवील, असे दोन्ही अर्थ निघतात. यशयाच्या ३० व्या अध्यायात २० व्या वचनात शिक्षक दिसू लागतो आणि २३ व्या वचनात बियाण्यासाठी पाऊस येतो. इब्री ऐकणाऱ्याच्या कानाला पाऊस आणि शिक्षक इतके जवळचे होते.

३. झोडपणारा पाऊस

सगळाच पाऊस पीक देतो असे नाही. नीतिसूत्रे २८:३ मध्ये गरिबांना छळणाऱ्याला झोडपणाऱ्या पावसाची उपमा दिली आहे, असा पाऊस की ज्याच्यामागे अन्न उरत नाही.

नाताळ चार दिवसांवर आला तेव्हा मी सकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. वाट वालाच्या शेतातून होती आणि दहिवराने माझी विजार गुडघ्यापर्यंत भिजली. मुलगी पाणी आणायला गेली होती. कुडाच्या घराच्या ओट्यावर तिची आजी बसली होती. आजी आमच्या मंडळीत येत नाहीत, पण नातीला वर्गाला त्याच पाठवत. त्यांच्याकडून कळले की मुलगी अंधारात उठते, दोन हंडे पाणी आणते, भाकरी करते, दोन धाकट्या भावांना सांभाळते. रात्री भाऊ झोपले की ती वचन पुटपुटते आणि पुटपुटतच झोपून जाते. म्हणून वचनाचा पहिला अर्धा भागच पक्का होत होता.

मी खाली मान घालून बसलो. आजी रागावल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "गुरुजी, राबात बी टाकलं आणि लगेच मोठा पाऊस आला, तर बी वाहून जातं. मोठा पाऊस वाईट नाही. पण रोप उभं राहिल्यावर."

राब म्हणजे भाताची रोपे तयार करायला भाजून घेतलेला वाफा. रोपे हातभर झाली की त्यांची आवणी होते आणि मग शेतात साठलेले पाणी लागते. पण पेरलेल्या राबावर तोच पाऊस नुकसान करतो. आजींनी मोशेचे गीत ऐकले नव्हते. तरी कोवळ्या गवतासाठी रिमझिम आणि वाढलेल्यासाठी सरी हे त्यांनी मला त्यांच्या राबावरून शिकवले. देव आपल्या सेवकाला कोणाच्या तोंडून शिकवील हे आपण ठरवू नये.

मुलगी हंडा घेऊन आली तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि तिच्या आजीसमोर तिला म्हणालो, "बाळ, मी चुकलो. मला माफ कर." तिने हंडा उतरवला आणि काही न बोलता आत गेली. नाताळच्या कार्यक्रमालाही ती आली नाही.

ईयोब आपल्या चांगल्या दिवसांविषयी म्हणतो की त्याचे शब्द लोकांवर ठिबकत आणि लोक पावसाची वाट पाहावी तशी त्याची वाट पाहत, शेवटच्या पावसासाठी तोंड उघडावे तसे (ईयोब २९:२२-२३). त्याच अध्यायात तो आंधळ्याचे डोळे आणि लंगड्याचे पाय झाला होता हेही लिहिले आहे. लोक त्याच्या शब्दांची वाट का पाहत, याचे उत्तर तेथेच आहे. त्या मुलीचे घर मी आधी पाहिले असते, तर शनिवारी तसे बोललो नसतो.

४. वचन रिकामे परतत नाही

मग मी निराश व्हावे काय? यशया ५५:१०-११ येथे आपल्याला आधार मिळतो. ही वचने बाबेलच्या बंदिवासातील लोकांना उद्देशून आहेत. फरात नदीच्या आणि कालव्यांच्या त्या सपाट देशात संदेष्टा त्यांना आपल्या डोंगराळ देशातील पाऊस आणि हिम आठवायला लावतो. आकाशातून पडणारे पाणी जमीन भिजवते, तिला फळवते, पेरणाऱ्याला बी आणि खाणाऱ्याला भाकर देते. तसेच देवाचे वचन, ते दिलेले काम केल्याशिवाय परतत नाही.

येथे हिमाचाही उल्लेख आहे हे लक्षात घ्या. पाऊस लगेच जमिनीत जातो, पण हिम थांबते. उत्तरेला २,८१४ मीटर उंचीच्या हर्मोन डोंगरावर हिवाळ्यात पडलेले हिम वितळून यार्देनेच्या उगमांना पाणी पुरवते. आज पडलेले वचन आज ना दिसले तरी ते कोठेतरी साठून असते. याकोबही शेतकऱ्याचे उदाहरण देतो : तो मोलाच्या पिकासाठी पहिला आणि शेवटचा, दोन्ही पाऊस होईपर्यंत धीर धरतो (याकोब ५:७). मात्र हे वचन निष्काळजी शिक्षकाला पांघरूण म्हणून नाही. फळ देवाच्या हाती आहे, पण राब तुडवू नये ही जबाबदारी आपली.

५. जमिनीची बाजू

दहिवराला शास्त्रात दुसरी बाजूही आहे. होशेय ६:४ मध्ये देव दुःखाने म्हणतो की तुमचे प्रेम सकाळच्या दहिवरासारखे आहे, लवकर उडून जाते. त्याच होशेयाच्या १४:५ मध्ये देव म्हणतो की मी इस्राएलाला दहिवरासारखा होईन, तो भुईकमळासारखा फुलेल आणि खोल मुळे धरील. आपले प्रेम उन्हाबरोबर जाते, देव मात्र पुन्हा पुढच्या रात्री येतो.

इब्री लोकांस पत्र ६:७-८ सांगते की वारंवार पडणारा पाऊस पिऊन एक जमीन उपयोगी पीक देते आणि दुसरी काटे-कुसळे. पाऊस दोघींवर तोच पडला. दर रविवारी उपासनेत वचन ऐकणाऱ्या आपणां सर्वांसाठी हा इशारा आहे. त्या वर्षी काटा माझ्या शेतात उगवला होता, त्या मुलीच्या नव्हे.

आणि प्रभू येशू आठवण देतो की स्वर्गीय पिता नीतिमान आणि अनीतिमान अशा दोघांवर पाऊस पाडतो (मत्तय ५:४५). म्हणून पाड्यावरील शिकवणी, औषध, पाण्याची सोय ही कामे करताना कोण मंडळीत येतो आणि कोण येत नाही हे आपण विचारत नाही. ढग शेताच्या बांधावर थांबून मालकाचे नाव विचारत नाही.

६. आपल्यासाठी बोध

पहिला : माप. मुलांना, नव्या विश्वासणाऱ्यांना, थकलेल्या माणसांना एकदम सगळे सांगू नका. प्रभूनेही शिष्यांना म्हटले होते की आणखी पुष्कळ सांगायचे आहे, पण आता ते तुम्हांला सोसवणार नाही (योहान १६:१२).

दुसरा : नेम. दहिवर थोडे असते, पण पुन्हा पुन्हा येते. महिन्यातून एकदा दोन तास उपदेश करण्यापेक्षा रोज रात्री जेवणानंतर घरात दहा मिनिटे वचन वाचलेले कोवळ्या मुळांना अधिक पोहोचते.

तिसरा : शांतपणा. वारा सुटलेल्या रात्री दहिवर जमत नाही. ज्या घरात आरडाओरडा आहे, ज्या शिक्षकाच्या मनात राग आहे, तेथे वचन बोलले गेले तरी टिकत नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. जानेवारीच्या अखेरीस एका शनिवारी ती दाराशी येऊन उभी राहिली, कडेवर धाकटा भाऊ. मी काही विचारले नाही, चटई थोडी सरकवली. ती बसली. भाऊ झोपेपर्यंत वर्गात रडत होता आणि आम्ही त्याच्या रडण्यातच गाणे म्हटले. वचन मी तिला पुन्हा कधी म्हणायला लावले नाही. होळीच्या आधीच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर, सगळी मुले गेल्यावर, तिने ते आपणहून पूर्ण म्हटले आणि धावत घरी गेली.

या हंगामातही आमच्या पाड्यांवर अशी मुले मागे राहिली आहेत. आईबाप भट्टीवर आणि घराचा भार त्यांच्या खांद्यावर. आपण जे देता त्यातून त्यांच्या वह्या, संध्याकाळचा खाऊ आणि वर्गाचा दिवा चालतो. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि आम्हां शिकवणाऱ्यांसाठीही करा, की आमचे बोलणे कोवळ्या गवतावरील रिमझिम पावसासारखे असावे.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या कठोर बोलण्यामुळे कोणी देवाच्या वचनापासून दूर गेले आहे काय? त्या व्यक्तीकडे मी केव्हा जाणार?

२. मी ज्याला शिकवतो त्याचे घर, त्याचा दिवस मला माहीत आहे काय?

३. गेल्या वर्षभरात माझ्यावर पडलेल्या पावसाचे पीक कोठे दिसते?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांवर दहिवरासारखा उतरतोस म्हणून तुझे आभार मानतो. आमच्या जिभेचा झोड आवर. जे आम्हांला तुझ्याकडून मिळाले तेच, ज्याला जेवढे सोसेल तेवढे, प्रेमाने देण्यास आम्हांला शिकव. पाड्यावरील प्रत्येक लेकराला तुझ्या कृपेची ओल मिळो. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.